स्कायरिम सर्व्हायव्हल मोड : बोजा वाढला की पळता येत नाही, आणि नकाशावरून जाता येत नाही

स्कायरिम या व्हिडिओ गेमच्या सर्व्हायव्हल मोडमध्ये, म्हणजे भूक आणि थंडी सांभाळत खेळायच्या अवघड प्रकारात, हे लक्षण ओळखीचं आहे. थडग्यातला शेवटचा पेटारा उघडला, आत १४ वजनाची एबनीची ढाल निघाली, ती उचलली आणि कोपऱ्यात ओळ आली की सामान फार झालंय, आता धावता येणार नाही. साध्या खेळात दोन-चार जड वस्तू टाकल्या, नकाशा उघडला, व्हाइटरन शहरावर टिचकी मारली की विषय संपतो. सर्व्हायव्हलमध्ये ती टिचकी चालत नाही. बाहेर बर्फ पडतोय, पात्र रांगतंय, थंडीने आयुष्याची पट्टी आक्रसत चालली आहे. मग वैतागून निम्मं सामान फेकून द्यायचं, आणि पुढच्या थडग्यात पुन्हा तेच.

अडचण पुन्हा पुन्हा येते, कारण उपाय दर वेळी शेवटच्या पेटाऱ्यापाशी शोधला जातो. तो दरवाज्यापाशी, आत शिरायच्या आधी करायचा असतो.

आधी कारण वेगळं करा

'फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट जाणं) चालत नाही' या एका तक्रारीमागे चार वेगळी कारणं असतात. तुम्ही इमारतीच्या किंवा गुहेच्या आत असाल, तर बाहेर पडा. जवळ शत्रू असेल, तर त्याला संपवा किंवा लांब जा. लाल ठिपका दिसत नसला तरी कड्याखाली एखादा खेकडा किंवा लांडगा मागावर असू शकतो. वजन मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर इन्व्हेंटरीच्या (सामानाच्या यादीच्या) तळाशी डावा आकडा उजव्यापेक्षा मोठा दिसेल. आणि चौथं कारण म्हणजे सर्व्हायव्हल मोड चालू असणं. तो चालू असेपर्यंत पहिली तिन्ही कारणं दूर करूनही नकाशावरून उडी मारता येणार नाही. हा बिघाड नाही, खेळाचा नियम आहे.

सर्व्हायव्हल मोड २०१७ मध्ये क्रिएशन क्लब या खेळाच्या अधिकृत जोडसामानाच्या दुकानातून आला आणि २०२१ पासून स्पेशल एडिशन या आवृत्तीच्या सगळ्यांना मोफत मिळाला. त्यामुळे बऱ्याच जणांनी तो सहज 'हो' म्हणून चालू केलेला असतो आणि नंतर विसरलेला असतो. सेटिंग्जमध्ये गेमप्लेच्या पानावर एकदा बघून घ्या.

वजनाचंही तसंच. मूळ खेळात सुरुवातीची क्षमता ३०० असते आणि पातळी वाढताना स्टॅमिना (दमसास) निवडला की दर वेळी ५ ची भर पडते. २० व्या पातळीपर्यंत आठ वेळा स्टॅमिना घेतला असेल, तर ३४० झाले. सर्व्हायव्हलमध्ये हा आकडा बराच खाली येतो, शिवाय एरवी बिनवजनाचे बाण आणि कुलूप उघडायच्या सळ्या यांनाही वजन लागतं. म्हणून जुन्या खेळाची सवय घेऊन आलेल्या माणसाची बॅग पहिल्याच मोहिमेत भरते. शेकड्याने बाण घेऊन फिरायचे दिवस गेले. ५०-६० पुरतात, मारलेल्यांच्या अंगातून काही परतही मिळतात. सळ्या १५-२० ठेवा.

एक फसवं कारणही आहे. क्षमता वाढवणारी अंगठी काढून दुसरी घातली, किंवा क्षमता वाढवणाऱ्या औषधाचा असर संपला, की काहीही न उचलता अचानक बोजा जास्त होतो. 'मी तर काही घेतलंच नाही' अशी तक्रार असेल तर आधी बोटांतल्या अंगठ्या बघा.

किंमत बघू नका, किंमत भागिले वजन बघा

ड्रॉगरांच्या (उठून लढणाऱ्या मुडद्यांच्या) थडग्यात पडलेली प्राचीन नॉर्ड परशू २२ वजनाची आणि २८ सेप्टिम (खेळातली नाणी) किमतीची. बोलण्याचं कौशल्य कमी असताना दुकानदार साधारण तिसरा हिस्सा देतो, म्हणजे हातात ९ नाणी. प्राचीन नॉर्ड तलवार १२ वजनाला १३ सेप्टिम. अशा चार तलवारी आणि दोन परशू मिळून ९२ वजन होतं, आणि विकून पुरते ४० सेप्टिमही हाती येत नाहीत. बहुतेक खेळाडूंच्या बॅगेत नेमकं हेच भरलेलं असतं.

त्याच थडग्यात भरलेला ग्रँड सोल जेम (आत्मा साठवायचा खडा) ०.५ वजनाचा आणि ५०० किमतीचा असतो. गार्नेट हे रत्न ०.१ ला १००. काचेचं चिलखत ७ वजनाला ९००. दर वजनाला किमान १० सेप्टिम पडत नसतील, तर ती वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्यावी. पुढे पैसा खेळू लागला की ही रेघ २० किंवा २५ वर न्या. स्टील प्लेटचं चिलखत ३८ वजनाला ६२५, म्हणजे १६ च्या आसपास. सुरुवातीला घ्या, नंतर सोडा.

पीसीवर खेळणाऱ्यांनी स्काययूआय हा मॉड (खेळात बदल करणारी जोड) टाकला असेल, तर किंमत भागिले वजन हा रकाना तयारच मिळतो. मात्र स्पेशल एडिशनमध्ये मॉड चालू केले की अचिव्हमेंट्स बंद होतात, हे लक्षात ठेवून ठरवा. ज्यांच्याकडे तो रकाना नाही त्यांनी भागाकार डोक्यात करावा. दोन दिवसांत सवय होते.

ड्रॅगनची हाडं हा वेगळा प्रकार. एक हाड १५ वजनाचं आणि ५०० किमतीचं, एक खवला १० वजनाचा आणि २५० किमतीचा. भागाकार चांगला येतो, म्हणून सगळे उचलतात. पण एका ड्रॅगनकडून तीन हाडं आणि तीन खवले निघाले की ७५ वजन एका झटक्यात वाढतं. लोहारकामाचं कौशल्य १०० ला पोचून ड्रॅगन चिलखताचा पर्क (कौशल्यात मिळणारी खास सवलत) घेईपर्यंत त्यांचा दुसरा उपयोगही नाही. वाट गावाकडे जात असेल तर हाडं घ्या. वाट थडग्याकडे जात असेल तर सोडा, निदान खवले तरी.

कुठलं सामान वितळवायचं, कुठलं तसंच न्यायचं

ड्वेमर या लुप्त जमातीच्या अवशेषांत बोजा सगळ्यात वेगाने वाढतो, कारण तिथलं सगळंच पितळी दिसतं आणि सगळंच उपयोगाचं वाटतं. तसं नसतं.

वाकडा ड्वेमर पत्रा २ वजनाचा असतो आणि भट्टीत ३ विटा देतो. भरीव ड्वेमर धातू २५ वजनाचा आणि ५ विटा. मोठा ड्वेमर खांब २० वजनाचा, ३ विटा. वीट प्रत्येकी १ वजनाची आणि ३० सेप्टिम किमतीची. म्हणजे २५ वजन भरीव धातूसाठी खर्च केलं तर ५ विटा, आणि त्याच वजनात १२ वाकडे पत्रे आणले तर ३६ विटा. खांब आणि भरीव तुकडे तिथेच सोडून द्या, मागे वळूनही बघू नका.

बारकाई बघा. २ वजनाचा पत्रा वितळवला की ३ वजनाच्या विटा होतात, म्हणजे वितळवून वजन वाढलं. म्हणून पत्रे वाटेतल्या भट्टीवर वितळवू नयेत. जिथे विटा वापरायच्या किंवा विकायच्या, तिथेच वितळवावेत. औषधांचंही असंच आहे. निळं पहाडी फूल ०.१ आणि गहू ०.१, दोन्ही मिळून ०.२. त्यांचं औषध केलं की ०.५. तेव्हा फुलं बॅगेत घेऊन फिरा आणि औषध दुकानातल्या भट्टीवर तयार करून तिथल्या तिथे विका. कातड्याचं उलटं. कमावलेलं एक कातडं २ वजनाचं आणि त्याच्या चार पट्ट्या मिळून फक्त ०.४. पट्ट्या लागणारच असतील तर आधी कापून घ्या.

ड्वेमर दातेरी चाकं, तरफा, वाडगे, भांडी ही वितळत नाहीत, तेव्हा ती सोडा. अपवाद एकच: विंटरहोल्डच्या कॉलेजातल्या आर्नियल गेनला दहा चाकं हवी असतात. एक चाक १० वजनाचं, म्हणजे पूर्ण शंभर. दहाही एकदम पाठीवर घेऊन विंटरहोल्डच्या बर्फात चालत जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. अवशेषांत सापडतील तसं एक-दोन घ्या, घरातल्या पेटाऱ्यात साठवा आणि दहा झाली की घोडागाडीने न्या.

पहिली ड्वेमर मोहीम मार्कार्थखालच्या न्चुआंड-झेलमध्ये करावी हे त्यामुळेच सोयीचं. तिचं तोंड किल्ल्याच्या आतच आहे, बाहेर पडलं की शहर, शहरात वितळवायची भट्टी आणि वेशीबाहेर गाडी.

परतीची वाट आधी ठरवा

खरा उपाय हा आहे. गाड्या फक्त पाच शहरांच्या तबेल्यापाशी उभ्या असतात: व्हाइटरन, सॉलिट्यूड, विंडहेल्म, रिफ्टन आणि मार्कार्थ. या पाचांपैकी कुठेही जायला २० सेप्टिम. डॉनस्टार, फॉकरीथ, मॉर्थल आणि विंटरहोल्ड या चार गावांना ५० सेप्टिम. आता अडचण अशी की या चार गावांना गाडी जाते, पण तिथून परत आणत नाही. उतरलात की गाडी गेली. नवखे नेमके इथेच अडकतात: मोहीम करून भरलेल्या बॅगेने गावात येतात, आणि तिथे गाडीवानच नसतो.

म्हणून या चार गावांकडे निघताना परतीचा विचार वेगवेगळा करावा लागतो. डॉनस्टारला, डॉनगार्ड हा खेळाचा विस्तार असेल तर, बंदरावर नावाडी मिळतो, तो सॉलिट्यूड किंवा विंडहेल्मला सोडतो. चौघांत तेवढं एकच सोपं. मॉर्थलहून सॉलिट्यूड गाठायचं. फॉकरीथहून रिव्हरवुडमार्गे व्हाइटरन, हा रस्ता त्यातल्या त्यात उबदार आणि उताराचा. विंटरहोल्डहून विंडहेल्म चालत, आणि ही चौघांत सगळ्यात वाईट वाट. तिथे रिकाम्या बॅगेने जा, जे आणायचं ते हलकं आणि मौल्यवानच आणा. आयव्हरस्टेडलाही गाडी थांबत नाही, त्यामुळे हाय हरोथगारच्या पायऱ्या चढायला निघताना बॅग निम्मी तरी रिकामी असू द्या.

बोजा जास्त असला तरी गाडीत बसता येतं. शहराच्या वेशीपर्यंत कसंबसं रांगत पोचलात की पुढचं काम गाडीवानाचं. फॉलोअर, म्हणजे तुमचा साथीदारही, सोबत येतो. पण गाडीतून उतरल्यावर रात्र असेल तर दुकानं बंद, ती सकाळी ८ ते रात्री ८ अशीच उघडी असतात. सर्व्हायव्हलमध्ये उभं राहून वेळ काढला तर भूक वाढते, तेव्हा सरळ खानावळीत खोली घेऊन झोपा. नाहीतरी पातळी झोपेतच वाढते.

हर्थफायर हा घरबांधणीचा विस्तार असेल तर आणखी चांगला मार्ग आहे. फॉकरीथ, द पेल आणि ह्यालमार्च या तीन प्रांतांत जमिनीचा तुकडा प्रत्येकी ५,००० सेप्टिमला मिळतो. घर उभं करून कारभारी नेमला की ५०० सेप्टिमला स्वतःचा गाडीवान ठेवता येतो. तो भाडं घेत नाही आणि शहरांखेरीज रिव्हरवुडसारख्या खेड्यांनाही सोडतो. फॉकरीथकडच्या लेकव्ह्यू मॅनरमध्ये तो ठेवला की त्या भागातून परतीचा प्रश्न मिटतो. गाडी नसलेल्या प्रांतात घर बांधा. व्हाइटरनशेजारी बांधून उपयोग कमी.

पहिलं ठाणं मात्र व्हाइटरनच. ब्रीझहोम ५,००० सेप्टिमला, शेजारी वॉरमेडन्समध्ये लोहाराची भट्टी, वितळवायची भट्टी, धार लावायचा दगड आणि कातडं कमावायची चौकट, पुढे बाजारात औषधवाली आणि बेलेथॉरचं दुकान, वर ड्रॅगन्सरीचमध्ये मंत्र चढवायचं टेबल. वेशीतून आत शिरल्यावर शंभर पावलांत बॅग अर्धी रिकामी होते.

घर घेईपर्यंत सामान कुठेही ठेवू नका. रस्त्यावरची पिंपं, गुहेतले पेटारे, खानावळीतलं कपाट हे सगळं ठराविक दिवसांनी नव्याने भरतं: साधारणपणे दहा दिवसांनी, साफ केलेल्या गुहेत तीस दिवसांनी. त्यात ठेवलेलं गेलं ते गेलंच. 'इथे ठेवलं होतं, नाहीसं झालं' या तक्रारीचं उत्तर हेच. विकत घेतलेल्या घरातले पेटारे सुरक्षित असतात.

निघण्यापूर्वीची बॅग

आत शिरायच्या दरवाज्यापाशी आकडा बघा. क्षमतेच्या निम्म्याहून जास्त भरलं असेल तर मोहीम आधीच फसली. एक चिलखत, एक मुख्य शस्त्र, एक धनुष्य. दहा औषधं म्हणजे ५ वजन, तेवढी पुरे. तीन वेळचं जेवण, त्यात दोन तरी गरम सूप असू द्या, भाजीच्या सूपचं वजन ०.५ आणि ते थंडीतही उपयोगी पडतं. एक मशाल, कारण सर्व्हायव्हलमध्ये ती हातात ऊब देते. वाचून झालेली पुस्तकं प्रत्येकी १ वजनाची असतात, ती घरी. शिकलेल्या मंत्राचं दुसरं पुस्तक सापडलं तर तेही विकायलाच. जादूच्या गुंडाळ्या प्रत्येकी ०.५, त्या 'कधीतरी लागतील' म्हणून वीस-तीस साठलेल्या असतात आणि कधीच लागत नाहीत. वापरा किंवा विका.

फॉलोअर असेल तर त्यालाही मर्यादा आहे. तो 'आता आणखी नाही' म्हणाला की वस्तू जमिनीवर टाका आणि ती उचलायचा हुकूम द्या. हुकमाने उचलताना मर्यादा बघितली जात नाही. पळवाट आहे, पण खेळ बनवणाऱ्या बेथेस्डाने इतकी वर्षं ती तशीच ठेवली आहे. फक्त त्याला निरोप द्यायच्या आधी सगळं काढून घ्या, आणि अवघड लढाईत तो मेला तर माल प्रेतापाशी अडकेल हे लक्षात असू द्या.

आता वाटेतच अडकलात, तर

१. सुरक्षित जागा गाठा आणि शेकोटी असेल तर आधी ऊब घ्या. बोज्याने चाल मंदावते, चाल मंदावली की थंडीत जास्त वेळ जातो आणि थंडी कमाल आयुष्य खाते. बरेचदा माणूस लांडग्याने मरत नाही, या साखळीने मरतो.
२. इन्व्हेंटरीत शस्त्रांचा भाग उघडा. १० सेप्टिम प्रति वजनाखालचं सगळं टाका. पाच मिनिटं हळहळ वाटेल.
३. अजूनही जास्त असेल तर क्षमता वाढवणारं औषध. क्रीप क्लस्टर, स्केली फोलिओटा, जायंट्स टो, हॉक बीक, रिव्हर बेटी, विस्प रॅपिंग्ज यांपैकी कुठलेही दोन एकत्र करा. असर ३०० सेकंद, म्हणजे खऱ्या घड्याळाची पाच मिनिटं. आत असताना पिऊ नका, बाहेर पडून रस्ता दिसल्यावर प्या. क्रीप क्लस्टर विंडहेल्मच्या दक्षिणेला गरम झऱ्यांच्या माळावर भरपूर मिळतो, त्या बाजूला गेलात की वीसेक तोडून ठेवा.
४. व्हर्लविंड स्प्रिंट ही जादूची आरोळी बोजा असतानाही पुढे नेते. दोन आरोळ्यांमध्ये थांबावं लागतं, पण रांगण्यापेक्षा बरं.
५. घोडा असेल तर प्रश्नच नाही. घोड्यावर बसलं की बोजा कितीही असो, घोडा नेहमीच्याच वेगाने चालतो. १,००० सेप्टिम हे या मोडमधलं सगळ्यात चांगले खर्चलेले पैसे.

घोडा मेला तर पैसे बुडतात. डॉनगार्डमध्ये सोल केर्न या आत्म्यांच्या प्रदेशात गेलात तर आरवाकची कवटी शोधून त्याच्या मालकाला द्या. मिळणाऱ्या मंत्राने आरवाक उघड्यावर कुठेही येतो, मेला तर पुन्हा बोलावता येतो.

कायमची क्षमता

स्टीड ही वरदान देणारी शिळा सॉलिट्यूडच्या वायव्येला डोंगरावर आहे. तिने क्षमता १०० ने वाढते आणि अंगावरच्या चिलखताचं वजन धरलं जात नाही. जड चिलखतवाल्यांसाठी ही सोन्यासारखी. पण जड चिलखताच्या झाडातला (कौशल्याच्या पर्कच्या तक्त्यातला) कंडिशनिंग पर्क (कौशल्य ७० ला) किंवा हलक्यातला अनहिंडर्ड (५० ला) घेतला असेल तर शिळेचा दुसरा फायदा वाया जातो, कारण ते पर्कही अंगावरच्या चिलखताचं वजन शून्यच करतात. उरतात फक्त १००. तोपर्यंत शिळा ठेवा, मग दुसरी घ्या.

खिसेकापूच्या झाडातला एक्स्ट्रा पॉकेट्स पर्क ५० ला मिळतो आणि तोही १०० देतो. शिळेसारखी याची जागा दुसरं काही घेत नाही, म्हणून चोर नसलेल्यांनीही हा एवढा एक पर्क घ्यावा. मंत्र चढवता येत असेल तर बूट, हातमोजे, अंगठी आणि गळ्यातलं या चारही जागी क्षमता वाढवता येते. चारही घालायची मात्र गरज नाही. बूट आणि हातमोजे पुरे, अंगठी-माळ लढाईसाठी ठेवा.

विकताना पुन्हा अडकतं ते

बॅग घेऊन गावात पोचलात आणि दुकानदाराकडे पैसेच नाहीत. वाणसामानवाल्याकडे मुळात ७५० सेप्टिम, लोहाराकडे १,०००, औषधवाल्याकडे ५००, आणि ते ४८ तासांनी पुन्हा भरतात. आधी त्याच्याकडून लागणारं घ्या, म्हणजे विटा, सोल जेम, बाण वगैरे. तुमचे पैसे त्याच्या गल्ल्यात जातात आणि तेवढंच जास्त विकता येतं. बोलण्याच्या झाडातला मर्चंट पर्क (५० ला) घेतला की लोहाराला औषधंही विकता येतात, मग एका शहरात तीन दुकानं म्हणजे तीन गल्ले.

वस्तूवर चोरीची खूण असेल तर साधा दुकानदार ती घेत नाही. ती यादीत दिसतच नाही, आणि बरेच जण हा बिघाड समजतात. असा माल चोरांच्या टोळीत शिरल्यावर रिफ्टनच्या रॅग्ड फ्लॅगनमध्ये टोनिलियाकडे. टोळीत जायचं नसेल तर चोरीचं उचलूच नका, ते फक्त वजन आहे.

एवढं करूनही एखाद्या ठिकाणी पुरते अडकलात, शेकोटी नाही, घोडा नाही, बर्फाच्या मधोमध आहात, तर गेमप्लेच्या सेटिंग्जमधून सर्व्हायव्हल बंद करा, नकाशावरून घरी जा, तो पुन्हा चालू करा. नियमात बसतं का हा ज्याचा त्याचा प्रश्न. बंद करायच्या आधी सेव्ह वेगळ्या जागी करा.